फटफटीच्या मागची गाडी

गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात एक वेगळाच कार्यक्रम झाला. भिंतीला पांढरी चादर बांधली, एका क्लासवाल्याकडून प्रोजेक्टर मागून आणला आणि आमच्या वस्तीतल्या एका पोराने हिमालयातले फोटो दाखवले. एरवी चहा मिळाला की सटकणारी तरुण मंडळी तासभर हलली नाहीत. उघडेबोडके तपकिरी डोंगर, त्यांच्या कुशीतून गेलेली दोरीएवढी वाट आणि त्या वाटेवर एकामागे एक पंधरा फटफट्या. पुढे बसलेल्या एका लहानग्याने विचारले, "दादा, यातली तुझी गाडी कुठली?" पोराने बोट दाखवले ते रांगेच्या शेवटी, धुळीत अर्ध्या बुडालेल्या टेम्पोकडे. मुले हसली. तोही हसला.

त्या टेम्पोबद्दल आज लिहायचे आहे.

पोराचे नाव लिहीत नाही. "काका, नाव नको, पुढची कामे मिळायची आहेत," असे त्याने बजावले आहे. शिवमंदिराच्या परिसरात राहणाऱ्यांना तो ठाऊक आहेच. आयटीआय केले, बदलापूर रस्त्यावरच्या गॅरेजात हात काळे केले आणि आता बुलेटचे इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखतो. वडील आमच्याबरोबर जयंती समितीत होते. ते गेले त्याला सहा वर्षे झाली. आई एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. गेल्या वर्षी मे महिन्यात एक सहलवाले मेकॅनिक शोधत गॅरेजात आले आणि पोराला विचारून गेले. माऊली आमच्याकडे आली. "भाऊ, चिनच्या सीमेवर जायचं म्हणतोय. पाठवू का?" आम्ही कारकुनी करणारी माणसे, सही करण्याआधी कागद तीनदा वाचतो. पण त्या दिवशी काय झाले कोण जाणे, आम्ही म्हणालो, "जाऊ द्या ताई, जग बघून येईल." कागद मात्र मागितला नाही. ही चूक आमची, आणि ती पुढे कशी अंगाशी आली तेही सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. मुंबई-पुण्याची नोकरदार, धंदेवाईक मंडळी पैसे भरतात. फी म्हणाल तर आमच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी. त्यात फटफटी भाड्याने मिळते, मुक्काम, जेवण आणि वाट दाखवणारा म्होरक्या मिळतो. म्होरक्या सर्वांत पुढे. शेवटी आणखी एक अनुभवी स्वार, कोणी मागे राहू नये म्हणून. आणि त्याच्याही मागे टेम्पो. त्यात सामानाच्या बॅगा, पेट्रोलचे कॅन, ऑक्सिजनचा सिलिंडर, क्लचप्लेटा, केबली, ट्यूब, ब्रेकचे पॅड, लिव्हर आणि या सगळ्यांच्या मधे मेकॅनिक. स्वार पडला की लिव्हर मोडते. मेकॅनिकने ती दहा मिनिटांत बदलायची आणि पुन्हा टेम्पोत बसायचे. रात्री स्वार शेकोटीपाशी बसतात तेव्हा याने पंधरा गाड्यांच्या चेन ताणायच्या, बोल्ट आवळायचे.

जूनची पहिली सहल स्पितीची होती. सिमल्याहून सतलजच्या कडेकडेने किन्नौर, मग नाको, ताबो, काझा आणि कुंझुम खिंड उतरून मनाली. कुंझुमची उंची साडेचार हजार मीटरच्या वर. काझानंतर लोसार गाव सुटले की ग्राम्फूपर्यंत रस्ता असा नाहीच, दगडगोटे आणि ओढे. या ओढ्यांची एक रीत पोराने सांगितली ती आम्हाला फार आवडली. पाणी पावसाचे नसते, वरच्या बर्फाचे असते. रात्री बर्फ गोठते म्हणून सकाळी ओढा घोट्याएवढा. दुपारी ऊन तापले की तोच गुडघ्याच्या वर. म्हणून शहाणा म्होरक्या स्वारांना पहाटे चारला उठवतो. आपल्याकडे वालधुनीला पावसाळ्यात पूर येतो तो ढग बघून कळतो. तिथे घड्याळ बघून कळतो.

इंजिनाचेही तसेच. वर गेले की हवा विरळ होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल तेवढेच मिळते, हवा कमी. मग प्लग काळा पडतो, गाडी खोकते, चढावर जीव सोडते. मेकॅनिक छोटा जेट बसवतो किंवा हवेचा स्क्रू फिरवतो. नव्या, इंजेक्शनच्या गाड्या हवा मोजून आपले पेट्रोल आपणच कमी करतात. पण ताकद त्यांचीही घटते. "काका, गाडीला दम लागतो, माणसालाही लागतो. फरक एवढाच की गाडी लगेच सांगते, माणूस लपवतो," असे पोरगा म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

ताबोचे फोटो आले तेव्हा बाहेरच्या मातीच्या भिंती तेवढ्या दिसल्या. आत फोटो काढायला बंदी आहे. ताबोचा विहार इसवी सन ९९६ मध्ये बांधला. गुगेचा राजा येशे-ओ आणि भाषांतरकार रिन्चेन झांगपो यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. रिन्चेन झांगपो काश्मिरात येऊन शिकला आणि संस्कृतातले बौद्ध ग्रंथ त्याने तिबेटी भाषेत नेले. तो १०५५ साली वारला असे मानतात. आपल्या अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. आपल्याकडे शिलाहारांचे पाथरवट दगड घडवत होते त्याच्या काही दशके आधी तिकडे कोणी मातीचा चिखल तुडवून बुद्धाचे घर उभे करत होते. दगडाचे टिकले यात नवल नाही. माती हजार वर्षे टिकली, कारण तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही. १९९६ साली विहाराला हजार वर्षे झाली तेव्हा दलाई लामा तिथे आले होते.

आत काय होते ते पोराने तोंडी सांगितले. अंधार, बॅटरीच्या उजेडात भिंतीवरून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती, आणि खाली रंगीत चित्रांची पट्टी. त्यात तथागतांचे चरित्र आहे आणि सुधन नावाच्या तरुणाची कथा आहे. हा सुधन ज्ञान शोधत गावोगाव फिरतो आणि पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो. त्या गुरूंत भिक्खू आहेत, तसेच नावाडी आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, बायका आहेत. आम्ही पोराला गमतीने म्हणालो, "त्यात मेकॅनिक नाही का रे?" तर म्हणाला, "तेव्हा फटफटी नव्हती ना काका."

या डोंगरांचे आपल्यावर एक ऋण आहे. भारतात जे बौद्ध ग्रंथ नष्ट झाले त्यांतले कितीतरी तिबेटात जपले गेले. राहुल सांकृत्यायन १९२९ पासून चार वेळा तिबेटात गेले आणि पोथ्या खेचरांवर लादून पाटण्याला घेऊन आले. ना टेम्पो, ना ऑक्सिजन. त्यांचे निधन १९६३ साली दार्जिलिंगला झाले, आणि ते नेमके १४ एप्रिलला.

नाकोच्या अलीकडे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून शिपकी खिंड आणि तिबेटची हद्द फार लांब नाही. फोटोत लष्कराचे ट्रक दिसले तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारले, इथे बाबासाहेब काही म्हणाले होते का? म्हणाले होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना त्यांनी त्या वर्षीच्या चीनबरोबरच्या पंचशील करारावर टीका केली. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेला येऊन भिडली, हा त्यांचा मुद्दा. माओला पंचशीलाची चाड असती तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असेही त्यांनी सुनावले. आठ वर्षांनी १९६२ उजाडले.

आता ऑगस्टची सहल. ही मनालीहून लेहला. स्पितीत पोराला काही त्रास झाला नव्हता, त्यामुळे छाती फुगलेली. पण दोन्ही वाटांत मोठा फरक आहे. किन्नौरची वाट हळूहळू चढते, अंगाला सवय होते. मनालीची वाट तशी नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला. पूर्वी रोहतांग चढण्या-उतरण्यात जायचा तो वेळ वाचला. वेळ वाचला हे चांगलेच, पण अंगाला सवय व्हायचाही तोच वेळ होता. मनाली दोन हजार मीटरवर. पहिला मुक्काम जिस्पाला, तीन हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड, पाच हजाराला थोडी कमी, आणि रात्री सरचूच्या मैदानात तंबू, सुमारे ४२९० मीटरवर. हवेचा दाब तिथे समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास.

निघण्यापूर्वी मनालीत स्वारांना जमवून डॉक्टरने तासभर माहिती दिली, गोळ्या दिल्या, बोटाला यंत्र लावून प्रत्येकाचा ऑक्सिजन मोजला. त्या वेळी मेकॅनिक बाहेर टायरमधली हवा तपासत होता. त्याच्या बोटाला यंत्र कोणी लावले नाही. कोणाच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो आठवलाच नाही, एवढेच.

बारालाचाच्या अलीकडे झिंगझिंगबारला रस्त्याचे काम चालू होते. झारखंडच्या दुमक्याकडची माणसे, त्यांत आदिवासी पुष्कळ, तोंडाला फडकी बांधून डांबर ओतत होती. हे रस्ते सीमा सडक संघटना बांधते, ती १९६० साली स्थापन झाली, हे शाळेच्या पुस्तकात असते. खडी कोण फोडते ते नसते. २०२० च्या टाळेबंदीत मजूर गावी गेले तर लडाखची कामे अडली, आणि जूनमध्ये दुमक्याहून खास रेल्वेगाडीने त्यांना परत न्यावे लागले. टेम्पो तिथे तासभर अडकला तेव्हा त्यांनीच पोराला काळा चहा दिला आणि एकाने विचारले, "माथा दुखता है?" दुखत होते. हा म्हणाला, नाही.

सरचूला पोचल्यावर दोन गाड्यांची कामे होती. ती त्याने केली. जेवण गेले नाही, उलटी झाली. स्वार तंबूत, हा नेहमीप्रमाणे टेम्पोत, सुट्या भागांच्या पेट्यांशेजारी. रात्री अकराच्या सुमारास एक स्वार, पुण्याकडचे बँकेतले गृहस्थ, लघवीला उठले तर हा टेम्पोबाहेर उभा, झोकांड्या खात. त्यांनी बोलावले तर बोलणे अडखळणारे. त्या भल्या माणसाने सगळ्या कँपाला उठवले. म्होरक्या म्हणाला, झोपू द्या, सकाळी बघू. सकाळी पुढे निघायचेच आहे. गृहस्थ अडून बसले. टेम्पोतलाच सिलिंडर उघडला, ज्याला टेकून पोरगा झोपायचा तोच. मग जवळच्या सैन्याच्या छावणीत नेले, तिथे औषध दिले.

सरचूची गोम अशी की तिथून खाली उतरायला आधी वर चढावे लागते. मनालीकडे जा तर बारालाचा, लेहकडे जा तर पुढच्या खिंडी. तरी पहाटे ऑक्सिजन लावून टेम्पो मागे फिरवला, बारालाचा ओलांडली आणि दारच्याला पोचेपर्यंत पोराचे डोके हलके झाले. केलाँगला त्याला उतरवून टेम्पो पुढच्या कामाला गेला. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या फोनवर अनोळखी नंबर आला. "काका, आईला सांगू नका." आम्ही सांगितले नाही. आठ दिवस त्या माऊलीच्या नजरेला नजर देता आली नाही, हे इथे कबूल करतो.

घरच्या वाचकांनी, विशेषतः ज्यांची पोरे अशा कामाला किंवा यात्रेला जातात त्यांनी, एवढे ध्यानात ठेवावे. उंचावर डोके दुखणे आणि मळमळणे ही पहिली खूण; तेव्हा आणखी वर चढू नये. झोक जाणे, बोलणे अडखळणे, बसल्या जागी धाप लागणे ही धोक्याची. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. झोपून बरे वाटेल ही समजूत जिवावर बेतते. गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच. आणि सांगायला लाजू नये. नोकरी जाईल म्हणून मेकॅनिक लाजतो, हसतील म्हणून स्वार लाजतो.

केलाँगला पोरगा दोन दिवस पडून होता. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तसे पाय आपोआप गॅरेजकडे वळले. तिथे वेल्डिंगच्या दुकानात लडाखचा एक कारागीर होता. दोघांची हिंदी मोडकी, पण हत्यारांची भाषा एक. याने गळ्यातले निळे लॉकेट दाखवून सांगितले, मी बौद्ध. तो म्हणाला, मीही. पोरगा खूश. मग त्या कारागिराने हळूच सांगितले, "आम्ही गारा. लोहार. गावात पंगत बसली की आमची जागा शेवटी."

पोराने हे फोटोच्या कार्यक्रमात सांगितले तेव्हा विहारात एकदम शांतता झाली. एक आजोबा म्हणाले, "बौद्धांच्या मुलखात कसली जात?" आजोबा, आहे. लडाखात गारा म्हणजे लोहार, मोन आणि बेडा म्हणजे वाजंत्री. लग्नात यांच्या सनईनगाऱ्याशिवाय चालत नाही, पण बसायची रांग मानाप्रमाणे लागते आणि हे टोकाला. रोटीबेटी दूरच. १९८९ साली सरकारने तिथल्या आठ समाजांना अनुसूचित जमाती ठरवले, त्यात बेडा, गारा आणि मोन ही नावे स्वतंत्रपणे आहेत. हजार वर्षांचे विहार, पोथ्या, लामा सगळे असून लोहार टोकालाच बसला.

पोरगा आम्हाला नंतर एकट्याला म्हणाला, "काका, मग आपला धम्म आणि त्यांचा धम्म वेगळा का?" आम्ही धम्माचे पंडित नाही, बीकॉम झालेलो कारकून आहोत. आम्हाला सुचले ते सांगितले. तिथे धम्म राजाने आणला, पाठोपाठ प्रजा आली आणि गावाची उतरंड होती तशी राहिली. इथे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी नुसते त्रिशरण-पंचशील दिले नाही, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि सर्व माणसे समान आहेत हे प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतले. उतरंडीच्या तळाशी होता त्यानेच धम्म उचलला, हा फरक. पण फार फुशारकी मारायलाही नको. आपल्याच साप्ताहिकाच्या वधू-वर पानावर "पोटजातीची अट नाही" असे अजून छापावे लागते. अट नाही हे सांगावे लागते, याचा अर्थ ज्याचा त्याने काढावा.

आता यंदाचे. सहलवाल्यांनी पुन्हा बोलावले आहे. सरचूची हकिगत आईला अखेर कळली, फोटोच्या कार्यक्रमातच कळली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात. "भाऊ, तुम्ही मला जाऊ द्या म्हणालात." पुढे काही बोलली नाही. आमच्या घरातल्यांनी चहा केला, तो तिने घेतला नाही.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो, जे गेल्या वर्षीच करायला हवे होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांचे नाव घेणाऱ्याने नेमणुकीच्या चिठ्ठीशिवाय पोर पाठवले, याची लाज वाटली. लिहिले ते असे. रोज किती आणि कधी देणार, हे लेखी. अपघात विमा सहलवाल्यांनी काढावा. पोराने स्वतः बँकेतून वर्षाला वीस रुपयांचा सरकारी सुरक्षा विमा घ्यावा तो वेगळा. त्या सरकारी विम्यात अपघाताने मृत्यू वा अपंगत्व आले तर दोन लाखांपर्यंत मिळतात, मात्र उंचावरचे आजारपण त्यात धरत नाहीत, म्हणून उपचाराचा खर्च सहलवाल्यांनी उचलण्याचे स्वतंत्र कलम. डॉक्टर स्वारांना तपासेल तेव्हा मेकॅनिक आणि टेम्पोचालकालाही तपासावे. झोप तंबूत, टेम्पोत नाही. आणि लेहच्या वाटेवर जिस्पाला एका रात्रीऐवजी दोन रात्री.

पोरगा तो कागद घेऊन गेला. आम्हाला वाटले, ते हसतील आणि दुसरा मेकॅनिक बघतील. तसे झाले नाही. चांगला मेकॅनिक सहज मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक. बाकी सगळे त्यांनी मान्य करून सही दिली. जिस्पाची दुसरी रात्र मात्र नाकारली. स्वारांच्या रजा मोजक्या असतात, एक दिवस वाढला की सहल खपत नाही म्हणाले. हिशेब आम्हाला समजला, पटला नाही. पोराने स्वतःच तोड काढली. लेहची सहल सोडली, पैसे कमी मिळतील तरी. यंदा फक्त स्पितीच्या दोन सहली. टेम्पोचालकालाही तीच चिठ्ठी मिळाली, तो डोंबिवलीकडचा, त्याने फोन करून पोराला शिव्या घातल्या आणि मग आभार मानले.

आईने कागद आमच्यासमोर दोनदा वाचून घेतला. "तंबूत" हा शब्द आला तिथे थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो निघतो. उल्हासनगरहून जाड जाकीट आणले आहे. सहल संपली की मनालीला न थांबता बोगद्यातून पुन्हा पलीकडे, केलाँगला जाणार आहे. त्या वेल्डरने बाबासाहेबांचे काही वाचायला मागितले होते. त्याला मराठी येत नाही, म्हणून भदंत आनंद कौसल्यायनांनी केलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चा हिंदी अनुवाद आम्ही दिला. आईने तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि बजावले, क्लचप्लेटांच्या पेटीत टाकू नको, तेल लागेल, कपड्यांत ठेव.